जुन्या पॅनल मीटरचा व्हीयू मीटर करताना

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या बाजारातून चार पॅनल मीटर आणले आहेत. ०–३० व्होल्ट डीसीचे दोन (एकाच बनावटीचे), ०–१० ॲम्पिअर डीसीचा एक आणि ०–३०० व्होल्ट एसीचा एक. घरी बांधलेल्या प्रीॲम्पला आणि टीपीए३११६ च्या ॲम्प्लिफायरला ते व्हीयू मीटर (आवाजाची पातळी काट्याने दाखवणारा मीटर) म्हणून लावायचे आहेत. ३० व्होल्टचा मीटर थेट स्पीकरच्या टर्मिनलना जोडून पाहिला, तर काटा शून्याशी नुसता थरथरतो. मीटर गेला आहे का?

गेलेला नाही. काटा थरथरतो म्हणजे कॉइल शाबूत आहे आणि पिव्होट मोकळं आहे. डीसी मीटरचा काटा करंटच्या दिशेप्रमाणे उजवीकडे किंवा डावीकडे जातो. गाण्याचा सिग्नल सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो, काट्याला तेवढं पळणं जमत नाही, म्हणून तो सरासरी दाखवतो. ती सरासरी शून्य असते. सिग्नल आधी एका दिशेचा केला पाहिजे, म्हणजेच मीटरच्या आधी रेक्टिफायर हवा.

दुसरी गोष्ट, तबकडीवरचे आकडे विसरा. ‘३० व्होल्ट’ किंवा ‘१० ॲम्पिअर’ ही मीटरची जात नव्हे, तो नुसता अंगरखा आहे. आत बसलेली मूव्हमेंट (चुंबक, कॉइल आणि काटा यांचा संच) बहुतेक वेळा १ मिलिॲम्पिअरची असते. व्होल्टमीटर करताना कारखान्याने तिच्या सिरीजमध्ये मोठा रेझिस्टर घातला, ॲमीटर करताना तिला समांतर जाड पट्टीचा शंट लावला. हे काढलं की चारांपैकी तीन मीटर एकाच माळेचे मणी निघण्याची शक्यता आहे.

उघडण्याआधी तबकडीच्या खालच्या कोपऱ्यातल्या बारीक खुणा वाचा. घोड्याच्या नालेची खूण म्हणजे मूव्हिंग कॉइल, तीच आपल्याला हवी. नालेसोबत डायोडचं चिन्ह असेल तर आत रेक्टिफायरही आहे. तारेच्या वेटोळ्यातून आरपार गेलेली रेघ म्हणजे मूव्हिंग आयर्न, यात कॉइल स्थिर आणि लोखंडाचा तुकडा हलतो. शेजारचा १.५ किंवा २.५ हा अचूकतेचा वर्ग, आणि चांदणीतला २ म्हणजे इन्सुलेशनची २ हजार व्होल्टला केलेली चाचणी. उलट्या ‘टी’सारखी खूण असेल तर मीटर उभ्या पॅनलसाठी तोललेला आहे, तिरप्या पॅनलवर त्याचं शून्य सरकतं.

तुमचा ३०० व्होल्ट एसीचा मीटर जवळपास नक्की मूव्हिंग आयर्नचा आहे. खुणेशिवाय स्केलवरूनही ओळखता येईल: सुरुवातीचे आकडे एकमेकांना चिकटलेले आणि पुढे अंतर वाढत गेलेलं. हा मीटर ऑडिओला चालत नाही. काटा हलवायलाच त्याला इतकी ताकद लागते की लाइन सिग्नलकडून (प्रीॲम्पसारख्या उपकरणातून निघणाऱ्या हलक्या सिग्नलकडून) ती मिळणं शक्य नाही, आणि वरच्या फ्रीक्वेन्सीला तो पार भरकटतो. स्टॅबिलायझरच्या डब्यावर लावा, तिथे तो वर्षानुवर्षं काम करेल.

उघडणं आणि मोजणं

टेबलावर आधी पांढरा स्वच्छ कागद पसरा. जिथे ड्रिल किंवा कानस चालते त्या टेबलावर मीटर अजिबात उघडू नका. आतलं चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतं, आणि कॉइलच्या फटीत एक कण गेला तरी काटा दर वेळी एकाच जागी अडकू लागतो. तो कण मग चिकटपट्टीच्या टोकदार घडीने काढत बसावं लागतं. साध्या लोखंडी स्क्रूड्रायव्हरचं टोकही चुंबकाकडे झेपावतं आणि काट्याला धडकतं. पितळी चिमटा असेल तर उत्तम.

३० व्होल्टच्या मीटरमध्ये मागच्या एका टर्मिनलजवळ साधारण ३० के (के म्हणजे हजार) ओहमचा रेझिस्टर दिसेल. तो काढा आणि तिथे तार जोडा. केसासारख्या स्प्रिंगच्या टोकाला सोल्डरिंग आयर्न लावू नका, जोडणी टर्मिनलकडच्या बाजूलाच करा. १० ॲम्पिअरच्या मीटरमध्ये दोन टर्मिनलांच्या मध्ये तांबूस-राखाडी धातूची पट्टी असते, ती म्हणजे शंट. स्क्रूने बसवलेली असेल तर सोडवा, सोल्डर केलेली असेल तर कापा.

यानंतर मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. इथे नेहमीची चूक म्हणजे मल्टिमीटर ओहमवर ठेवून मीटरची टोकं तपासणं. खालच्या ओहम रेंजवर मल्टिमीटर स्वतः १ मिलिॲम्पिअरच्या आसपास करंट सोडतो. मूव्हमेंट ५० मायक्रोॲम्पिअरची निघाली तर काटा वीसपट जोराने कडेला आपटेल. त्याऐवजी १.५ व्होल्टचा सेल, १ के चा पक्का रेझिस्टर, १०० के चा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर), मायक्रोॲम्पिअर रेंजवरचा मल्टिमीटर आणि तुमचा मीटर, सगळं एकामागोमाग सिरीजमध्ये जोडा. पॉट आधी पूर्ण रेझिस्टन्सवर, म्हणजे सुरुवात १५ मायक्रोॲम्पिअरने होईल. काटा जेमतेमच हलला तर १०० के काढून १० के चा पॉट लावा आणि मल्टिमीटर मिलिॲम्पिअर रेंजवर न्या. काटा शेवटच्या रेघेवर आला की मल्टिमीटरवर दिसेल तो मूव्हमेंटचा पूर्ण करंट.

कॉइलचा रेझिस्टन्सही याच जोडणीत मिळतो. मल्टिमीटर सिरीजमधून काढून तिथे तार जोडा, पॉट फिरवून काटा पुन्हा शेवटच्या रेघेवर आणा, आणि मीटरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. १ मिलिॲम्पिअरला ७५ मिलिव्होल्ट आले तर कॉइल ७५ ओहमची. ५० मायक्रोॲम्पिअरच्या मूव्हमेंटमध्ये हा आकडा २ ते ४ के ओहम इतका असू शकतो.

जास्त सेन्सिटिव्ह म्हणजे जास्त चांगला, असा समज सगळीकडे आहे आणि ऑडिओपुरता तो चुकीचा आहे. ५० मायक्रोॲम्पिअरच्या मीटरमध्ये कॉइलला वेढे खूप आणि स्प्रिंग नाजूक, म्हणून काटा बहुधा सुस्त असतो. १ मिलिॲम्पिअरचा मीटर चपळ असतो, आणि सेन्सिटिव्हिटीची कमतरता दहा-वीस रुपयांचा ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारी छोटी आयसी) भरून काढतो. सुस्त काट्याला चपळ करणारा पार्ट मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाही.

सर्किट

चार डायोडचा ब्रिज (हाच साधा रेक्टिफायर) प्रीॲम्पच्या आउटपुटला थेट लावू नका. सिलिकॉन डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास चालू होतो. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड वाटेत येतात, म्हणजे १.२ व्होल्ट तिथेच गेले. घरगुती लाइन लेव्हल ०.३१६ व्होल्ट, तेव्हा काटा हलणारच नाही. जर्मेनियम किंवा शॉट्की डायोडने तो हलतो, पण दुसरं दुखणं उरतं: डायोड सिग्नलचा वरचा भागच ओढतात, आणि प्रीॲम्पचं आउटपुट जितकं कमकुवत तितकी विकृती गाण्यात उतरते.

म्हणून टीएल०७२ वापरा. एका आयसीत दोन ऑप-ॲम्प असतात, स्टिरिओचं काम भागतं. डाव्या चॅनलची जोडणी अशी: सिग्नल १ मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरमधून पिन ३ ला, पिन ३ पासून ग्राउंडला १०० के. पिन १ (आउटपुट) ब्रिजच्या एका एसी टोकाला, ब्रिजचं दुसरं एसी टोक पिन २ ला, आणि पिन २ पासून ग्राउंडला एक रेझिस्टर. त्याला आपण ‘आर’ म्हणू. ब्रिजच्या अधिक आणि उणे टोकांमध्ये मीटर. डायोड साधे १एन४१४८. उजव्या चॅनलला हेच ५, ७ आणि ६ पिनवर. सप्लाय प्रीॲम्पचाच अधिक-उणे १२ व्होल्ट, पिन ८ ला अधिक आणि ४ ला उणे.

पिन २ आणि ३ वर सारखाच व्होल्टेज राहावा यासाठी ऑप-ॲम्प धडपडत असतो. त्यामुळे ‘आर’मधून सिग्नल भागिले आर एवढा करंट वाहतोच, आणि तोच करंट मीटरमधून जातो. डायोडने किती व्होल्ट खाल्ले याचा हिशेब ऑप-ॲम्प स्वतः भरतो.

‘आर’ काढायचं सूत्र: ०.९ गुणिले फुल स्केलचा (काटा शेवटच्या रेघेवर असतानाचा) आरएमएस व्होल्टेज, म्हणजे एसीचा परिणामी व्होल्टेज, भागिले मूव्हमेंटचा करंट. ०.९ येतं ते साइन वेव्हच्या सरासरी आणि आरएमएसच्या गुणोत्तरातून. व्हीयू स्केलचं टोक शून्याच्या ३ डेसिबल वर असतं, म्हणजे १.४१३ पट. शून्य व्हीयूला ०.३१६ व्होल्ट (−१० डीबीव्ही) धरले तर फुल स्केल ०.४४७ व्होल्ट, आणि १ मिलिॲम्पिअरच्या मीटरला आर ४०२ ओहम. स्टुडिओच्या +४ डीबीयूला, म्हणजे १.२२८ व्होल्टला, तोच १.५६ के होतो.

पण सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) २ व्होल्टपर्यंत आउटपुट देतो, आणि आजकालची गाणी त्याच्या टोकाशी दाबून मास्टर केलेली असतात. ०.३१६ ला शून्य ठेवलं तर काटा दिवसभर लाल पट्ट्यात चिकटून बसेल. घरी ऐकायला शून्य ०.५ व्होल्टच्या आसपास बरं, आर तेव्हा ६३६ ओहम. २२० ओहमचा पक्का रेझिस्टर आणि ५०० ओहमचा मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) सिरीजमध्ये लावा, दोन्ही गरजा भागतात.

तार कुठून घ्यायची हेही आत्ताच ठरवा. व्हॉल्यूमच्या पॉटच्या आधी घेतली तर आवाज कितीही कमी केला तरी काटा सारखाच नाचतो. पॉटनंतर घेतली तर काटा खरी पातळी सांगतो, पण रात्री हळू ऐकताना निपचित पडून राहतो. शोभेसाठी लावत असाल तर आधी घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एलएम३५८ हा दुसरा ऑप-ॲम्प घरात पडला असेल तर मोह टाळा. सिग्नल शून्य ओलांडतो तेव्हा ऑप-ॲम्पचं आउटपुट एका डायोड-जोडीवरून दुसरीवर उडी मारतं, अडीच व्होल्टच्या आसपास. टीएल०७२ चा वेग मायक्रोसेकंदाला १३ व्होल्टच्या घरात, तो हे क्षणात उरकतो. एलएम३५८ चा वेग अर्धा व्होल्ट किंवा त्याहून कमी, त्याला पाचेक मायक्रोसेकंद लागतात. २० किलोहर्ट्झची अर्धी लाट २५ मायक्रोसेकंदांची असते, त्यातला पाचवा भाग उडीतच संपतो आणि झांजा-खंजिरीचा आवाज मीटरवर कमी दिसतो. हीच उडी सप्लायमध्येही खुपते. म्हणून मीटरचा आयसी वेगळा ठेवा, प्रीॲम्पच्या आयसीतला रिकामा अर्धा वापरू नका. मीटरच्या बोर्डाला दोन्ही सप्लाय १० ओहममधून द्या, पुढे १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड. ग्राउंडची तार थेट सप्लायच्या मुख्य ग्राउंडला न्या.

डीसीवर कॅलिब्रेशन

स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरवर एसीची सर्वांत खालची रेंज २०० व्होल्टची असते. त्यावर ०.५ व्होल्ट मोजणं म्हणजे तराजूवर मीठ-मिरी तोलण्याऐवजी गव्हाच्या काट्यावर तोलणं. सुदैवाने या सर्किटला एसी-डीसीचा फरक कळत नाही. १.५ व्होल्टच्या सेलवर १ के चा पॉट लावा, त्याचं मधलं टोक कपॅसिटरनंतर थेट पिन ३ ला द्या, आणि मल्टिमीटरच्या २ व्होल्ट डीसी रेंजवर बघत सेट करा. शून्य व्हीयू ०.५ व्होल्ट आरएमएसला हवं असेल तर पिन ३ ला ०.४५० व्होल्ट डीसी ठेवून प्रीसेटने काटा ‘०’ वर आणा. −१० डीबीव्हीसाठी ०.२८५ व्होल्ट, +४ डीबीयूसाठी १.१०५ व्होल्ट.

मग सेलची टोकं उलटी करा. काटा त्याच जागी यायला हवा. किंचित फरक, एखाद टक्क्याचा, ऑप-ॲम्पच्या ऑफसेटचा असतो, तो सोडून द्या. एका दिशेला काटा बरोबर आणि दुसऱ्या दिशेला गप्प असेल तर ब्रिजमधला एखादा डायोड उलटा लागलाय किंवा उघडा आहे.

काट्याची चाल

इथेच बहुतेक घरगुती व्हीयू मीटर फसतात. व्हीयूचं मानक १९३९ मध्ये बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून ठरवलं, आणि त्यात व्होल्टेजइतकंच महत्त्व काट्याच्या चालीला दिलं: सूर एकदम सुरू झाला की ३०० मिलिसेकंदांत काट्याने ९९ टक्के अंतर कापावं आणि फार तर १ ते १.५ टक्का पुढे जाऊन स्थिरावं. पॅनल मीटर मात्र बॅटरीचा व्होल्टेज दाखवायला केलेला. तो सुस्त असू शकतो किंवा झोकांडी खाणारा. काटा २० टक्के पुढे जात असेल तर प्रत्येक ठेक्याला दीड डेसिबल जास्त दाखवतोय.

वर दिलेलं सर्किट ही झोकांडी वाढवतं. मीटरचं टर्मिनल उघडं ठेवून तो हातात हलकेच हलवा, काटा डुलेल. दोन्ही टर्मिनल तारेने जोडून पुन्हा हलवा, काटा जड झालेला जाणवेल. चुंबकात फिरणारी कॉइल स्वतः थोडी वीज निर्माण करते, आणि तिला बाहेरून वाट मिळाली की तीच वीज कॉइलला अडवते. (मीटर पाठवताना टर्मिनलवर तार गुंडाळतात ती यासाठीच.) ऑप-ॲम्पच्या ब्रिजमध्ये मीटरला ही वाट मिळत नाही, म्हणून कॉइलला समांतर रेझिस्टर द्यावा लागतो. ७५ ओहमच्या कॉइलला १५० ओहमपासून सुरुवात करा. करंटचा काही भाग आता रेझिस्टरमधून जाणार, एकूण १.५ मिलिॲम्पिअर लागतील, म्हणून ‘आर’ दीडपट कमी होतो: ६३६ चा ४२४ ओहम. वर सांगितलेल्या प्रीसेटमध्ये तो बसतो. प्रत्येक वेळी समांतर रेझिस्टर बदलला की डीसी कॅलिब्रेशन पुन्हा करायचं.

मोजायला मोबाइलचा स्लो मोशन पुरतो. १ किलोहर्ट्झचा सूर एकदम सुरू करा आणि २४० फ्रेमच्या वेगाने चित्रण करा. ३०० मिलिसेकंद म्हणजे ७२ फ्रेम. साठ ते नव्वदच्या मध्ये काटा पोचत असेल तर घरासाठी झकास. झोकांडी असेल तर समांतर रेझिस्टर कमी करा, चाल सुस्त असेल तर वाढवा किंवा काढूनच टाका. काही मीटरमध्ये कॉइल ॲल्युमिनियमच्या चौकटीवर गुंडाळलेली असते, चौकट स्वतःच काट्याला आवरते आणि बाहेरून काही लावावं लागत नाही. रेझिस्टर पूर्ण काढूनही काट्याला सेकंदभर लागत असेल तर तो मीटर व्हीयूसाठी सोडून द्या. स्टिरिओसाठी एकाच बनावटीची जोडी हवी ती याच कारणाने. फुल स्केलचा करंट प्रीसेटने जुळवता येतो, काट्याचं वजन जुळवता येत नाही. तुमचे ३० व्होल्टचे दोन या कामाला योग्य.

संरक्षणाचंही बघा. चालू करताना सप्लाय स्थिरावेपर्यंत काटा धाडकन कडेला जातो. मीटरच्या (आणि त्याच्या समांतर रेझिस्टरच्या) सिरीजमध्ये आणखी एक १५० ओहम घाला, आणि या सगळ्यांना मिळून समांतर दोन १एन४१४८ उलटसुलट द्या, म्हणजे प्रत्येक दिशेला एक डायोड. ७५ ओहमच्या कॉइलवर फुल स्केलला ७५ मिलिव्होल्टच असतात, डायोड उघडेपर्यंत काटा वाकलेला असेल. १५० ओहममुळे एकूण ०.३ व्होल्ट होतात, डायोड गप्प राहतो, आणि दुप्पट करंट आला की तो बाजूने वाट देतो. फुल स्केलचं वाचन यामुळे बदलत नाही, ऑप-ॲम्प तेवढे व्होल्ट जास्त देतो इतकंच.

स्केल

मूळ तबकडीचे दोन स्क्रू काढून ती काट्याखालून बाजूने सरकवा, ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि त्या चित्रावरच नवी स्केल आखा. कमानीचं केंद्र आणि दोन्ही टोकं मूळ स्केलवरूनच घ्या. पूर्ण कमान १०० टक्के धरली तर खुणा अशा येतात: +३ ला १००, +२ ला ८९.१, +१ ला ७९.४, ० ला ७०.८, −१ ला ६३.१, −२ ला ५६.२, −३ ला ५०.१, −५ ला ३९.८, −७ ला ३१.६, −१० ला २२.४ आणि −२० ला ७.१. कमान ९० अंशांची असेल तर शून्य व्हीयू ६३.७ अंशांवर. शून्यापासून पुढे लाल पट्टा.

साध्या ८० जीएसएम कागदावर छापा आणि तबकडीच्या मागच्या कोऱ्या बाजूला ग्लू स्टिकने चिकटवा. मूळ स्केल तशीच राहते, बेत फसला तर पालथी घालता येते. जाड स्टिकर नको: काटा आणि तबकडीत जेमतेम मिलिमीटरभर जागा असते आणि पावसाळ्यात फुगलेली कड काटा अडवते.

झाकण लावताना पुढच्या शून्याच्या स्क्रूची मागची खुंटी काट्याच्या दुबेळक्यात बसली आहे ना, ते बघा. न बसवता झाकण दाबलं तर वरची स्प्रिंग वाकते. झाकण बसल्यावर काटा मध्येच तरंगत राहिला तर घाबरू नका, ते प्लास्टिकवरचं स्थिर विद्युत आहे. कोरड्या फडक्याने पुसाल तर वाढेल. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पाण्यात घालून ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसा आणि तसंच वाळू द्या.

टीपीए३११६ वर

इथे सावध. हा ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा आहे, स्पीकरच्या दोन्ही टर्मिनलवर सिग्नल असतो आणि कुठलंही टर्मिनल ग्राउंड नाही. उणे टर्मिनलपासून सप्लायच्या ग्राउंडपर्यंत डीसी व्होल्ट मोजून बघा, काही व्होल्ट दिसतील. वरच्या सर्किटचं ग्राउंड त्या टर्मिनलला जोडलंत तर आउटपुट शॉर्ट. म्हणून इथे ऑप-ॲम्पशिवाय तरंगता, म्हणजे ग्राउंडला न जोडलेला, डायोडचा ब्रिज लावा: बोर्डवरच्या आउटपुट कॉइलनंतर दोन्ही टर्मिनलमधून ५.६ के चा एकेक रेझिस्टर, एका बाजूला सिरीजमध्ये २.२ के चा प्रीसेट, मग चार १एन४१४८ आणि मीटर. २४ व्होल्ट सप्लायवर ८ ओहमला साधारण ३० वॉट मिळतात, म्हणजे १५.५ व्होल्ट. सरासरी १३.९, डायोडचे १.२ वजा, उरलेल्या १२.७ व्होल्टला १ मिलिॲम्पिअर म्हणजे एकूण १२.७ के.

मात्र अपेक्षा माफक ठेवा. वॉट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात, म्हणून स्केलच्या मध्यावर १५ नव्हे, ७.५ वॉट येतात. घरात नेहमीचं ऐकणं एका वॉटच्या आत असतं, आणि ०.३ वॉटला काट्याने १० टक्के जायचं तर डायोडच्या तोट्यामुळे तो २–३ टक्क्यांवरच रेंगाळतो. टीपीए३११६ ला वेगळा मीटर लावण्यापेक्षा प्रीॲम्पवरची जोडी पुरे.

साध्या, एक टोक ग्राउंड असलेल्या ॲम्प्लिफायरवर ऑप-ॲम्पचं सर्किट चालतं आणि तिथे रेंज स्विच उपयोगी पडतो. ४७ के सिरीजमध्ये घेऊन खाली ग्राउंडला ५० वॉटसाठी ८२० ओहम अधिक ५०० चा प्रीसेट, ५ वॉटसाठी ३.३ के अधिक १ के, अर्ध्या वॉटसाठी १२ के अधिक ५ के. (८ ओहम स्पीकर आणि ०.४४७ व्होल्ट फुल स्केल धरून.) हा स्विच लॉगरिदमिक सर्किटच्या भानगडीपेक्षा सोपा आणि जास्त प्रामाणिक.

बसवताना

पॅनल लोखंडी असेल तर भोक पाडण्याआधी मीटर त्यावर नुसता टेकवून वाचन बदलतं का बघा. शील्ड नसलेल्या मीटरचं चुंबकीय क्षेत्र पत्र्यात पसरतं आणि काटा थोडा कमी जातो. दोन मीटर शेजारी चिकटवून ठेवल्यावरही तसंच होतं. ॲल्युमिनियमचं २–३ मिलिमीटरचं पॅनल सगळ्यात सोयीचं. भोक पाडून, कीस पूर्ण झाडून, मगच मीटर आणा. कॅलिब्रेशन पॅनलवर बसवल्यावर शेवटचं एकदा.

उजेडासाठी जुने छोटे दिवे नकोत, ते तबकडी पिवळी करतात. वॉर्म व्हाइट एलईडी तीन सिरीजमध्ये, १२ व्होल्टवर ६८० ओहम, साधारण ४–५ मिलिॲम्पिअर. मंद करायचे तर रेझिस्टर वाढवा. पीडब्ल्यूएम डिमर (दिवा झपाट्याने चालू-बंद करून मंद करणारा) लावाल तर त्याची शिट्टी प्रीॲम्पमध्ये ऐकू येईल.

पुढच्या वेळी मुंबईच्या चोर बाजारात, दारूखान्याच्या भंगार बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जाल तेव्हा सेल, १० के चा रेझिस्टर आणि दोन तारा खिशात ठेवा, आणि दुकानातच काटा हलवून बघा. जहाजातले किंवा लष्करी जुने मीटर मिळाले आणि आकड्यांवर तपकिरी झालेला, भुसभुशीत रंग दिसला, तर ते उघडू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असे आकडे चमकण्यासाठी रेडियमचा रंग वापरत. चमक कधीच गेलेली असते, रेडियमचं अर्धायुष्य मात्र १६०० वर्षांचं आहे आणि ती धूळ फुफ्फुसात जाणं वाईट.

राहिला १० ॲम्पिअरचा एकटा मीटर. पुढेमागे व्हॉल्व्हचा ॲम्प बांधलात तर तो बायससाठी (सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट लावण्यासाठी) ठेवा. आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडमध्ये १ ओहम, १ टक्क्याचा रेझिस्टर घाला, त्याच्या दोन टोकांवर २२ आणि ३.३ ओहम सिरीजमध्ये जोडून मीटर लावा. कॉइल ७५ ओहम आणि १ मिलिॲम्पिअरची निघाली असेल तर १०० मिलिॲम्पिअरला फुल स्केल येतो, कॅथोडकडे असल्याने तीनशे व्होल्टची भीती नाही, आणि तबकडी बदलावी लागत नाही: ० ते १० तसेच ठेवून ‘ॲम्पिअर’ खोडा आणि ‘× १० मिलिॲम्पिअर’ लिहा. त्यात स्क्रीन ग्रिडचा करंटही धरलेला असतो, बायस लावताना तेवढा वजा करा.